तळ्याकाठी गाडी कुणी बोलावत नाही

"एवढ्या लांबून आली म्हणे, भारतातून. आपल्याला बटण दाबायला शिकवायला."

"अगं बाई. बिचारी."

"दाबू या का मग? तिला बरं वाटेल."

हे माझ्या पाठीमागे चाललं होतं. बोलणाऱ्या दोघी आज्यांची समजूत होती की मला त्यांची बोली कळत नाही. तशी ती मला अर्धीच कळते, पण 'बिचारी' कुठल्याही बोलीत कळतं. मी मागे वळून पाहिलं नाही. वस्तीच्या समाजमंदिरात चटयांवर गुडघे मोडून सगळी म्हातारी मंडळी बसली होती, प्रत्येकासमोर एक टॅब्लेट होता आणि मी 'गाडी मागवा' हे हिरवं बटण कुठे आहे ते दाखवत होते.

पुढच्याच मिनिटाला खोलीभर टुंग टुंग सुरू झालं. झाडून सगळ्यांनी गाडी मागवली होती. बाहेर बर्फात उभ्या केलेल्या गाडीत गोरो-सान, म्हणजे आमचे ड्रायव्हर, डबा खात होते. त्यांचा फोन वाजायला लागला तो थांबेचना. हातात जेवायच्या काड्या तशाच धरून ते धावत दारात आले आणि म्हणाले, "काय झालं? आग लागली का?"

माझे साहेब मोरी-सान यांनी या प्रसंगाचा फोटो काढला आणि 'प्रात्यक्षिक यशस्वी' असं लिहून कावासाकीच्या ऑफिसला पाठवून दिला. संध्याकाळपर्यंत प्रत्येकाने टाउन ऑफिसला फोन करून आपापली गाडी रद्द केली आणि त्रास दिल्याबद्दल क्षमा मागितली. एका आजोबांनी दोनदा मागितली. पहिल्या वेळी नीट वाकायचं राहून गेलं होतं म्हणे. फोनवर.

मी काय काम करते ते आधी सांगते. आपल्या मराठी मंडळाच्या या अंकाचे निम्मे वाचक इथे जपानमध्ये, निशी-कसाई आणि ओजिमात राहून हेच काम करतात. त्यांनी हा परिच्छेद सोडला तरी चालेल. उरलेल्या निम्म्यांसाठी, म्हणजे तीन महिन्यांच्या व्हिसावर आलेल्या त्यांच्या आईवडिलांसाठी लिहिते. मला ब्रिज इंजिनियर म्हणतात. एका टोकाला जपानी ग्राहक, दुसऱ्या टोकाला पुण्यातली प्रोग्रॅमर मंडळी आणि मधला पूल मी. ग्राहक म्हणतो, "विचार करतो." त्याचा अर्थ 'नाही' असा असतो. पुणे म्हणतं, "होऊन जाईल." त्याचा अर्थ अजून फाईलच उघडलेली नाही असा असतो. मी इकडचं तिकडे नीट करून सांगते आणि दोन्ही बाजूंना वाटतं की मी काहीतरी लपवते आहे. लाजऱ्या माणसाला हे काम बरं पडतं. दिवसभर बोलायचं, पण त्यातलं एकही वाक्य आपलं नसतं.

तर या कामासाठी मी दोन हिवाळे उत्तरेतल्या डोंगरांत एका तळ्याकाठी जात होते. तळ्याचं नाव लिहीत नाही. काठाला तीनच वस्त्या आहेत. नाव लिहिलं की प्रत्येक आजी ओळखू येईल. शिनकानसेनने, म्हणजे बुलेट ट्रेनने, उत्तरेला जायचं, मग एका डब्याच्या गाडीने, आणि तिथून पुढे तासभर घाटाने वर. शेवटचं कोनबिनी, म्हणजे चोवीस तास उघडं असणारं दुकान, घाटाच्या पायथ्याशीच लागतं. त्याच्यानंतर चॉकलेटसुद्धा मिळत नाही. तळं एका जुन्या ज्वालामुखीच्या तोंडात आहे आणि इतकं खोल आहे की कडाक्याच्या थंडीतही गोठत नाही. सकाळी त्याच्यावरून वाफ निघते. उन्हाळ्यात पर्यटकांसाठी हंसाच्या आकाराच्या पायडल-बोटी असतात. हिवाळ्यात त्यांच्यावर निळी ताडपत्री घालतात, पण माना आत मावत नाहीत. त्यामुळे बर्फातून हंसांच्या माना नुसत्या बाहेर आलेल्या असतात आणि सगळे हंस एकाच दिशेला बघत असतात. पहिल्या सकाळी खिडकी उघडल्यावर मी दचकले होते.

या वस्त्यांना खालच्या गावाशी जोडणारी एक बस होती. कंपनीला ड्रायव्हर मिळेनात, म्हणून ती बंद झाली. म्हणून टाउन ऑफिसने ठरवलं की बोलावल्यावर दारात येणारी एक छोटी गाडी ठेवायची. ड्रायव्हर सोडून आठ माणसांची. टॅब्लेटवर बटण दाबायचं, गाडी हजर. पहिला हिवाळा तयारीत गेला; दुसऱ्या हिवाळ्यात मार्चअखेरपर्यंत चाचणी, लोकांनी वापरली तर कायम, नाहीतर बंद. ती बोलावण्याची यंत्रणा आणि गाडीत किती जण बसले ते मोजणारे सीटचे सेन्सर आमच्या कंपनीचे.

कामाचा पहिला घोटाळा आमच्या पुण्याने केला. मी ज्या वस्तीत उतरत असे तिथल्या प्रत्येक घराचं आडनाव कुदो आहे. गोरो-सानही कुदोच. पिढ्यान् पिढ्या तिथे दुसरं कुणी राहायलाच आलं नाही. त्यामुळे माणसं एकमेकांना आडनावाने हाक मारत नाहीत, घराच्या नावाने मारतात: वरचं घर, विहिरीचं घर, होडीघर. मी सगळ्यांची नावं भरून पुण्याला पाठवली आणि दुसऱ्या दिवशी यंत्रणेत अख्ख्या वस्तीत मिळून एकच माणूस उरला.

"मंदार, बाकीचे कुठे गेले?" मी फोनवर विचारलं. मंदार म्हणजे पुण्याच्या टीमचा प्रमुख.

"अगं, डेटा क्लीन करून टाकला. सगळे डुप्लिकेट होते. सेम नाव, सेम पत्ता, सेम वय."

"ती वेगवेगळी माणसं आहेत."

"सगळी ऐंशीच्या वरची?"

"हो."

"सगळी कुदो?"

"हो."

मंदार म्हणाला, "ठीकाय. होऊन जाईल." म्हणजे मला आणखी आठवडाभर पाठपुरावा करावा लागला.

मी होडीघरात राहायची. हंसाच्या बोटी त्यांच्याच. तळमजल्यावर होडीघरच्या आजी राहायच्या आणि वरच्या दोन खोल्या पाहुण्यांना द्यायच्या. मी मासे खात नाही हे त्यांना पहिल्या दिवशीच सांगितलं होतं.

"तळ्यातला पण नाही?"

"तळ्यातला पण नाही."

"पण तो आपल्या तळ्यातला आहे," असं त्या समजावणीच्या सुरात म्हणाल्या. त्यानंतर दोन हिवाळे त्यांनी मला भात, रानातली अळंबी आणि धुरावर टांगून मुरवलेला मुळा वाढला आणि रोज एकदा तळ्याकडे बघून माझ्यासाठी उसासा टाकला.

आता गाडीचं सांगते. सुरुवातीला काहीजणांनी गाडी खरंच बोलावली. आणि मग भलतंच सुरू झालं. मंदारने हौसेने एक संदेश घातला होता. बटण दाबलं की पडद्यावर छोटी गाडी धावायची आणि खाली लिहून यायचं, 'गोरो-सान खास तुमच्यासाठी निघाले आहेत!' पुण्यात हे वाचून सगळ्यांना छान वाटलं होतं. तळ्याकाठी ते वाचून विहिरीच्या घरच्या आजींना रात्री झोप लागली नाही. खास माझ्यासाठी? एवढ्या बर्फात? निघालेसुद्धा? गोरो-सानना थांबायला लागू नये म्हणून त्या गाडीच्या वेळेच्या कितीतरी आधी रस्त्यावर जाऊन उभ्या राहिल्या. त्यांना थंडीत उभं असलेलं बघून गोरो-सानना वाईट वाटलं, म्हणून पुढच्या वेळी ते लवकर आले. ते लवकर येऊन थांबलेले बघून आजींना मेल्याहून मेल्यासारखं झालं, म्हणून त्या आणखी लवकर उभ्या राहिल्या. महिनाभरात दहाची गाडी उजाडायच्या सुमाराला सुटायला लागली. डॉक्टरांचा दवाखाना उघडेपर्यंत दोघं बंद दारासमोर गाडीत बसून एकमेकांची क्षमा मागायचे.

शिवाय भेटवस्तू. खास आपल्यासाठी आलेल्या माणसाला रिकाम्या हाताने कसं पाठवायचं? सफरचंदं, मुरवलेले मुळे, लोणची, विणलेले पायमोजे. आणि घेतलेल्याची परतफेड करायची हा तिथला नियम आहे, म्हणजे गोरो-साननाही काहीतरी द्यावं लागायचं. त्यांची बायको एकदा गाडीच्या खिडकीशी येऊन मला म्हणाली, "मुरु-सान, तुमच्या मशीनमध्ये 'मुळा आणू नये' असं लिहिता येईल का?" माझं नाव मृण्मयी. तिकडे त्याचं मुरु-सान झालं आणि मीही ते चालवून घेतलं.

मी तिची विनंती पुण्याला पाठवली. मंदारने विचारलं, "कुठल्या स्क्रीनवर?"

पुढे पुढे कुणी बटण दाबेनासंच झालं. दिवसचे दिवस आकडा शून्य. मी सभा घेतल्या, घरोघरी गेले, अक्षरं मोठी केली, बटण आणखी हिरवं केलं. सगळे तोंडभरून म्हणायचे, "फार सोयीचं आहे हो. फार उपकार झाले." चहा द्यायचे. टॅब्लेट देवघराशेजारी भरतकाम केलेल्या रुमालाखाली ठेवलेला असायचा. टाउन ऑफिसचे विभागप्रमुख, त्यांना सगळे काचो म्हणत, म्हणजे आपण साहेब म्हणतो तसं, ते सज्जन गृहस्थ होते. शून्याचा तक्ता बघून ते खाली मान घालून म्हणाले, "मागणी नाही, असं दिसतं."

जानेवारीतली गोष्ट. होडीघरच्या आजी शेगडीपाशी बसून मुळे दोरीला बांधत होत्या. त्यांना महिन्यातून एकदा खालच्या इस्पितळात जाऊन डोळ्यात इंजेक्शन घ्यावं लागायचं. चुकवलं तर नजर जाते, असं डॉक्टरांनी बजावलेलं.

"डोळ्याची तारीख कालची होती ना?" मी विचारलं.

"होती."

"गेला नाहीत?"

"काल बर्फ होता."

"आजही आहे."

"म्हणून आजही नाही गेले."

"आजी, बटण दाबलं असतं तर गोरो-सान आले असते."

"तेच ना," त्या म्हणाल्या. "आले असते."

त्यांनी एक मुळा बांधून दुसरा घेतला. "एका डोळ्याचं काय एवढं? तळं चांगलं मोठं आहे. एका डोळ्यानेही दिसतं." मग म्हणाल्या, "मुलगा सेंदाईला असतो. म्हणतो, मार्चमध्ये गाडी बंद झाली की इकडे या, एकटीने राहायचं नाही आता. त्याच्या इमारतीत लिफ्ट आहे. लिफ्ट चांगली असते का गं?"

"चांगली असते."

"खिडकीतून काय दिसतं विचारलं त्याला. म्हणाला, समोरची इमारत."

त्या हसल्या. मला हसता आलं नाही. वर खोलीत जाऊन मी अहवालाची फाईल उघडली आणि 'वापरकर्त्यांचा प्रतिसाद अनुकूल' हे वाक्य बघत बसले. ते वाक्य मीच लिहिलेलं होतं, आणि ते खरंही होतं.

त्या शुक्रवारी मला कावासाकीला परत जायचं होतं. खाली स्टेशनवर सोडायला गोरो-सान येणार होते. बुकिंग माझं एकटीचं. सामान घेऊन बाहेर आले तर वळणावर विहिरीच्या घरच्या आजी उभ्या. केस नीट बसवलेले, ओठांना किंचित लाली, हातात पिशवी. जणू काही त्या रोजच तिथे नटून बर्फ बघायला येत असाव्यात.

"अय्या, गाडी कुठे निघाली?"

"खाली स्टेशनला," गोरो-सान म्हणाले. "हिला सोडायला."

"हो का? मुद्दाम नाही ना?"

"मुद्दाम कसली. जातेच आहे."

"जातेच आहे म्हणता... मग जागा असली तर..."

त्या आत येऊन बसल्या. पुढच्या वळणावर वरच्या घरचे आजोबा-आजी उभे होते. त्यांनाही गाडी बघून तेवढंच आश्चर्य वाटलं. त्यांच्यानंतर आणखी तिघी. प्रत्येकीच्या हातात इस्पितळाचं कार्ड, आणि प्रत्येकीला गाडी अगदी योगायोगाने भेटलेली. शेवटी, आम्ही निघाल्यावर दार लावून आत गेलेल्या होडीघरच्या आजी आडवाटेने येऊन आमच्यापुढे उभ्या. "तुला स्टेशनपर्यंत पोचवायला येते," त्या म्हणाल्या. इस्पितळ स्टेशनच्या समोर आहे. मी शुक्रवारी जाणार ही बातमी त्यांनीच फोनवरून सगळीकडे पोचवली होती हे मला नंतर गोरो-साननी सांगितलं.

आठ जण, दाटीवाटीने, काचांवर वाफ. सगळ्या एकदम बोलत होत्या. कोण आजारी आहे, कुणाच्या दारात अस्वल आलं, अस्वलाने काय खाल्लं. मुळ्याच्या लोणच्याची एक बरणी फिरत फिरत माझ्याकडे आली. कुणी कुणाची क्षमा मागितली नाही. दोन हिवाळ्यांत मी त्यांना इतकं मोकळं कधी बघितलंच नव्हतं.

सोमवारी ऑफिसात मंदारचा फोन. "मृण्मयी, सीटचे सेन्सर गंडलेत. शुक्रवारी बुकिंग एक आणि बसलेले आठ दाखवतोय. मी फिल्टर लावून टाकलाय, आकडा एकावर आणला."

"काढ तो फिल्टर."

"अगं, पण रिपोर्ट चुकेल ना."

"आठ होते. माझ्या मांडीवर मुळा होता."

"काय होता?"

"मंदार, फिल्टर काढ आणि मागचं सगळं दाखव."

आणि दिसलं. मी जेव्हा जेव्हा तळ्यावरून निघाले होते त्या प्रत्येक दिवशी बुकिंग एक आणि बसलेले चार-पाच. मोरी-सान निघाले तेव्हाही. पूर्वी प्रत्येक वेळी मला वाटलं होतं की योगायोगाने चार जणांना त्याच दिवशी काम निघालं. मंदार ते आकडे दरवेळी इमानदारीने दुरुस्त करत आला होता.

त्या संध्याकाळी कावासाकी स्टेशनवरून मी बसने घरमालकिणीकडे काही द्यायला चालले होते. जपानी बसमध्ये उतरायचं असेल तर बटण दाबायचं असतं. मी ते कधीच दाबत नाही. बसमधल्या कुणाला तरी तिथेच उतरायचं असेल आणि तो दाबेल म्हणून वाट बघते. आपण दाबलं की टिंग वाजतं, दिवा लागतो, ड्रायव्हर माइकवरून सांगतो की आता थांबतो आहे, आणि सगळ्या बसला कळतं की हे आपल्यामुळे झालं. कुणी दाबलं नाही तर मी पुढच्या स्टॉपवर उतरते आणि मागे चालत येते. एकदा डेपोपर्यंत गेले आहे. त्या दिवशीही कुणी दाबलं नाही. दोन स्टॉप मागे चालत येताना मला एकदम लख्ख कळलं की मी त्या आज्यांना गेले दोन महिने नेमकं काय करायला सांगत होते.

आपल्याकडेही हे आहेच. चिंचवडला माझी आई शेजारच्या काकूंना 'माझ्यासाठी कोथिंबीर आणा' असं जन्मात म्हणणार नाही. पण काकू पिशवी घेऊन जिना उतरताना दिसल्या की दार उघडून म्हणेल, "जाताच आहात तर..." त्यासाठी ती पायांच्या आवाजाकडे कान लावून बसलेली असते. जुनी बस आपली आपण यायची, रिकामी असली तरी. तिच्यात बसणं म्हणजे कुणाला त्रास देणं नव्हतं. आम्ही ती 'सुधारली' आणि प्रत्येकावर आपल्या एकट्यासाठी एक माणूस आणि एक गाडी बर्फातून खेचून आणायची जबाबदारी टाकली. मागणी होती. मागायला कुणी तयार नव्हतं.

मी मोरी-सानना सांगितलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं. ते चांगले माणूस आहेत, फक्त काळजीने पोखरलेले. कॉफीचा कॅन दोन्ही हातांत फिरवत म्हणाले, "मुरु-सान, तुमचं बरोबर आहे. पण आपलं उत्पादन म्हणजे बोलावल्यावर येणारी गाडी. न बोलावता येणारी गाडी म्हणजे बस. बस विकायला आपल्याला कुणी बोलावलेलं नाही."

"मग आजींचं काय?"

"अहवालात 'भविष्यातील मुद्दे' मध्ये घालू."

'भविष्यातील मुद्दे' हे अहवालाचं शेवटचं पान असतं. तिथपर्यंत कुणी पोचत नाही, कारण तोपर्यंत शिक्के मारून झालेले असतात. मोरी-सानना हे माहीत होतं. त्यांनी पुढे जपून सांगितलं, "आणि समारोपाच्या सभेत कृपया..." वाक्य त्यांनी पूर्ण केलं नाही. जपानीत ते पूर्ण करावं लागत नाही. इथे सभेत काही ठरत नसतं. ठरवाठरवी आधी एकेकाला भेटून झालेली असते, सभा म्हणजे ते सगळ्यांनी एकत्र बसून ऐकायचं असतं. तिथे अचानक कुणी उठून नवं काही बोललं तर लग्नाच्या मांडवात नवरदेवाबद्दल शंका काढल्यासारखं होतं. त्यातून मी तर दुसऱ्यांची वाक्यं पोचवणारी.

समारोपाची सभा मार्चमध्ये त्याच समाजमंदिरात झाली. तिन्ही वस्त्यांतून सगळे आले. गोरो-साननी त्यांना दोन खेपांत आणलं. सभेसाठी गाडी जातेच आहे म्हटल्यावर दोन्ही खेपा भरल्या. काचोंनी शून्याचा तक्ता भिंतीवर दाखवला. होडीघरच्या आजी पुढच्या रांगेत होत्या. त्यांच्याकडे हंसाच्या बोटी विकत घेणारा माणूस येऊन गेल्याचं मला आदल्या दिवशी कळलं होतं. मोठा भाव सांगून नाही गेला, पण येऊन गेला.

"तरीही," काचो म्हणाले, आणि हे त्यांनी खरंच मनापासून विचारलं, "ज्यांना गाडी हवी आहे त्यांनी कृपया हात वर करावा."

रॉकेलच्या शेगडीचा आवाज तेवढा येत होता. गोरो-सान मांडीवरच्या टोपीकडे बघत होते. सगळे चहाकडे बघत होते. होडीघरच्या आजींचा हात मांडीवरून उचलला गेलेला मला दिसला. तो खांद्यापर्यंत आला, इकडे तिकडे कुणाचाच हात नाही हे त्यांनी बघितलं, आणि तो हात तसाच वर जाऊन केस सारखे करून खाली आला.

काचोंनी कागदावर काहीतरी टिपलं. "तर मग, मागणी नाही असं..."

मी उभी राहिले. म्हणजे प्रयत्न केला. इतका वेळ गुडघे मोडून बसल्यामुळे दोन्ही पाय बधिर झाले होते. मी मोरी-सानच्या खांद्यावर कोसळले आणि त्यांना धरून उठले. त्यांना वाटलं मला चक्कर आली. ते हळूच म्हणाले, "पाणी?"

पुढचं आधी सांगून टाकते. ती गाडी आजही दर मंगळवारी आणि शुक्रवारी तळ्याला वळसा घालून खाली जाते, कुणी असो वा नसो. बहुतेक वेळा भरलेली असते. टॅब्लेटवरचं बटण मंदारने काढून टाकलं आणि त्या जागी दोनच शब्द उरले: 'गाडी निघाली.' पुण्याच्या टीमच्या सगळ्या मेहनतीतलं एवढंच काय ते वापरात आहे. मंदार आता हे उदाहरण नव्या मुलांना शिकवतो आणि कल्पना त्याची होती असं सांगतो. मी काही बोललेली नाही. मोरी-सान दोन आठवडे माझ्याशी फार अदबीने वागले, म्हणजे रागावले होते. मग टाउन ऑफिसने कंत्राट वाढवलं आणि ते पूर्वीसारखे बोलू लागले. होडीघरच्या आजींचा डोळा आहे तेवढा टिकून आहे, आणि हंस अजून त्यांचेच आहेत. ज्या आजोबांनी दोनदा क्षमा मागितली होती, ते मात्र फेब्रुवारीतच मुलीकडे राहायला गेले. त्यांचा टॅब्लेट स्वच्छ पुसून, कापडात बांधून, सफरचंदांच्या खोक्यातून ऑफिसला परत आला होता. त्या खोक्याची आठवण आली की वाटतं, ते सेन्सरचे आकडे मी डिसेंबरातच बघायला हवे होते.

मंडळातल्या मैत्रिणींना यातलं काहीच नवलाचं वाटत नाही. त्या एवढंच विचारतात, "तू? सभेत उठून बोललीस? काय बोललीस?" बोलले ते फार थोडं. जपानी तुटक होतं, आणि सबंध आयुष्यात स्वतःसाठी एवढ्या लोकांसमोर काही मागायची ती पहिलीच वेळ होती. मराठीत लिहिताना ते जरा बरं दिसतं. मी म्हणाले:

"मंगळवारी सकाळी मला खाली गावात जायचं आहे. तिथे माझं काहीही काम नाही. तरी माझ्या एकटीसाठी मला गाडी हवी आहे. गोरो-साननाही त्रास, ऑफिसलाही त्रास, आणि सगळा माझ्यामुळे. सात जागा रिकाम्या जाणार आहेत. कोण कोण येतंय?"